चार सारख्या टाक्या

पुण्यातल्या एका मराठी दैनिकात मी बरीच वर्षं आकड्यांची चित्रं काढली. अर्थसंकल्पातला रुपया कुठून आला आणि कुठे गेला, कोणत्या मतदारसंघात कोण पुढे, दहावीच्या निकालात यंदाही कोकण विभाग पहिला कसा, असं सगळं. त्यात सर्वांत जास्त वेळा काढलेलं आणि सर्वांत जास्त वेळा चुकलेलं चित्र म्हणजे धरणसाठ्याचं. निवडणुकीचं चित्र चुकलं तर उमेदवाराचे कार्यकर्ते तासाभरात फोन करतात. धरणाचं चुकलं तर कोणी फोन करत नाही. लोक त्यावर विसंबून आपापल्या कामाला लागतात.

पुण्याला पाणी मुख्यतः चार धरणांतून येतं. वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. एकूण २९.१५. हे आकडे आज मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. माझ्या पहिल्या चित्रात मात्र ते नव्हतेच. चित्रात होत्या ओळीने उभ्या चार टाक्या, एकाच मापाच्या. धरण जितके टक्के भरलं असेल तितकं टाकीत निळं पाणी, वर लाटेची वळणदार रेघ आणि टाकीच्या काठावर एक बगळा. बगळ्यावर मी अर्धी दुपार घालवली होती. टाक्या सारख्या का, तर चार कॉलमांत चार टाक्या नीट बसत होत्या म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही.

आता गंमत अशी, की वरच्या तिन्ही धरणांतलं पाणी खाली खडकवासल्यात येतं आणि तिथून शहराला आणि कालव्याला जातं. त्यामुळे वरची धरणं तळाला चालली तरी खडकवासला बऱ्याचदा बऱ्यापैकी भरलेलं दिसतं. रविवारी सिंहगडाकडे निघालेला पुणेकर चौपाटीवर थांबतो, कणीस खातो, समोर पसरलेलं पाणी बघतो आणि निवांत घरी जातो. दुसऱ्या दिवशी माझं चित्र त्याला तेच सांगायचं: एक टाकी जवळपास काठोकाठ, बाकीच्या तीन जरा कमी. म्हणजे फार काही बिघडलेलं नाही.

त्यात भर म्हणून वृत्तसंपादकांनी विचारलं, "सरासरी किती?" मी चारही टक्के मिळवले आणि चारने भागले. आठवीतल्या पोराने केलं असतं तर मास्तरांनी पट्टी काढली असती. समजा, खडकवासला ९० टक्के आहे, पानशेत २०, वरसगाव १५ आणि टेमघर ५. माझ्या पद्धतीने सरासरी साडेबत्तीस टक्के. प्रत्यक्षात चारही धरणांत मिळून पाणी सहा टीएमसी, म्हणजे जेमतेम साडेवीस टक्के. सर्वांत लहान धरणाला सर्वांत मोठ्या धरणाइतकंच मत दिलं की असं होतं. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. टाक्या सारख्या काढल्यामुळे धरणंही सारखीच आहेत असं मी स्वतःच धरून चाललो होतो. वाचकाला फसवण्याआधी चित्राने मला फसवलं होतं.

पाऊस लांबलेल्या एका वर्षी आमच्या सोसायटीच्या बैठकीत टँकरचं बोलणं निघालं. आगाऊ करार केला तर दर बरा मिळत होता. चेअरमनांनी खिशातून कात्रण काढलं, टेबलावर पसरलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेबांच्याच पेपरात आलंय. खडकवासला भरलंय. उगाच कशाला घाई?" मी नम्रपणे हसलो. खरं सांगायचं तर सुखावलो होतो, कारण आपलं चित्र कोणी कापून खिशात ठेवतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. करार पुढे ढकलला. महापालिकेने लवकरच एक दिवसाआड पाणी सुरू केलं आणि टँकरचे दर दुपटीच्या आसपास गेले. जादा वर्गणीत माझाही वाटा होता. न्याय झाला तो तेवढाच.

जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी त्यानंतर मला गाठलं. चिडलेले नव्हते. कात्रणावरच्या टाक्यांकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "ही चारही धरणं सारखीच झाली का हो? आमच्या वेळी नव्हती."

मी तातडीने दुरुस्ती केली आणि दुसरी चूक केली. वरसगाव खडकवासल्याच्या साडेसहा पट, म्हणून मी वरसगावची टाकी साडेसहा पट उंच काढली. ती बांबूसारखी दिसायला लागली, म्हणून रुंदीही साडेसहा पट केली. आता टाकी देखणी झाली, पण कागदावर तिने व्यापलेली जागा खडकवासल्याच्या बेचाळीस पट झाली. टाक्या मी गोल आणि सावली देऊन काढत होतो, त्यामुळे बघणाऱ्याच्या मनात घनफळ येत असेल तर तो फरक पावणेतीनशे पटींच्या आसपास जातो. खडकवासला कोपऱ्यात पडलेल्या बाटलीच्या बुचाएवढं उरलं. आधी लहानाला मोठं केलं होतं, आता मोठ्याला राक्षस केलं.

ही चूक किती जुनी आणि किती जणांनी केलेली आहे हे मला फार उशिरा कळलं. ऑटो नॉयराथ नावाच्या गृहस्थांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात सामान्य माणसासाठी आकडेवारीचं संग्रहालय उभं केलं. त्यांचा नियम साधा होता: जास्त दाखवायचं असेल तर चित्र मोठं करू नका, तेच चित्र जास्त वेळा काढा. माणसं दुप्पट असतील तर दुप्पट उंचीचा माणूस नको, त्याच उंचीची दुप्पट माणसं हवीत. १९८४ साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघांनी प्रयोग करून दाखवलं, की एकाच पट्टीवरची उंची माणसाचा डोळा बऱ्यापैकी अचूक जोखतो. कोन, क्षेत्रफळ, घनफळ याबाबतीत तो हळूहळू अडाणी होत जातो. या दोघांचं संशोधन मी वाचलेलं होतं. नुसतं वाचलेलंच नाही, त्यावर एका महाविद्यालयात बोललोही होतो. पानावर मात्र सावली दिलेल्या गोल टाक्या.

शेवटी मी चौकोन काढले. एक चौकोन म्हणजे अर्धा टीएमसी. वरसगावचे पंचवीस-सव्वीस, पानशेतचे एकवीस, टेमघरचे सात, खडकवासल्याचे चार. पाणी असेल तितके निळे, बाकीचे रिकामे. आमच्या विभागातला मुलगा चित्र बघून म्हणाला, "सर, हे फरशीच्या दुकानाचं कोटेशन वाटतंय." बगळ्याला कुठेच जागा उरली नव्हती. ते चित्र आम्ही पुढे तसंच चालू ठेवलं. त्याला कोणी छान म्हटल्याचं मला आठवत नाही, पण खडकवासला भरलं म्हणून पाण्याची चिंता मिटली असंही पुन्हा कोणी म्हणालं नाही.

उजनीचा किस्सा यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे आकडे बरोबर होते.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे पाणी मृतसाठ्याच्या पातळीला आलं की धरण शून्य टक्के, आणि त्याखाली गेलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. सोलापूर आवृत्तीसाठी मी शून्याची रेघ मारायचो आणि तिच्याखाली लाल दांडा काढायचो, जमिनीला भेग पडल्यासारखा. एकदा माढ्याकडच्या एका शेतकऱ्याने बातमीदाराला विचारलं, "उणे पाणी म्हणजे काय? आम्हीच धरणाचं देणं लागतो का?" ऑफिसात सगळे हसले. मग माझ्या लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर माझ्या चित्रात कुठेच नव्हतं.

म्हणून मी नवं चित्र काढलं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. उजनीचं अख्खं भांडं, तळापासून. उणे पन्नास टक्क्यांना त्यात ३६.८७ टीएमसी पाणी असतं. शेजारी पुण्याची चार धरणं, तुडुंब भरलेली: २९.१५. म्हणजे कोरडं म्हणून ज्याची बातमी येते त्या उजनीत पुण्याच्या चारही भरलेल्या धरणांपेक्षा जास्त पाणी. गणितात एक चूक नाही. दोन्ही आवृत्त्यांत चित्र लागलं. पुण्यात लोकांनी कौतुक केलं: अरे वा, हे माहीतच नव्हतं. सोलापूरच्या कार्यालयात मात्र सकाळपासून शिव्या खाल्ल्या आमच्या माणसाने.

त्यांचं बरोबर होतं. धरणात पाणी किती आहे हे मी काढलं होतं. त्यातलं हाताला किती लागतं हे काढलं नव्हतं. पाणी जसजसं खाली जातं तसतसं ते कालव्यात घेणं अवघड होतं. बॅकवॉटरचे शेतकरी मोटार पुढे पुढे सरकवत नेतात. काल पाणी होतं तिथे आज चिखल, म्हणून आणखी पाइप जोडायचे, आणखी केबल ओढायची, आणि तो खर्च ज्याचा त्याने करायचा. सोलापूर शहरासाठी नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत बरंच मुरतं, उडतं, उपसलं जातं. शिवाय तळाशी साचलेला गाळ मी निळ्याच रंगात रंगवला होता. माझं चित्र पाहून पुण्यातल्या माणसाला वाटलं, यांच्याकडे तर आपल्यापेक्षा जास्त आहे, मग हे ओरडतात कशाला? तुलना चमकदार होती एवढ्यासाठीच ती मी छापली होती. ज्यांचं पाणी होतं त्यांना आधी दाखवली असती, तर माढ्यातल्या कोणीही दोन वाक्यांत तिची हवा काढली असती.

रंगांच्या चुका थोडक्यात सांगतो, कारण त्यात मूर्खपणाशिवाय फारसं काही नाही. लाल आणि हिरवा यांत गल्लत होणारे पुरुष बरेच असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर बारांतला एक. नकाशांत मी सुरक्षित हिरवं आणि धोक्याचं लाल काढत राहिलो, जोवर आमच्याच छपाई विभागातल्या एकाने सांगितलं नाही, की त्याला त्या नकाशात सगळंच खाकी दिसतं. छपाईत रजिस्टर हललं की उरलेल्यांनाही तेच दिसायचं.

जिल्हावार पावसाचे नकाशेही तसेच. पुणे जिल्हा एका निळ्या रंगात भरला की ताम्हिणीत कोसळणारा पाऊस आणि इंदापुरात न पडलेला पाऊस दोन्ही एकाच रंगाखाली झाकले जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला त्र्याहत्तरच्या आसपास, एकाच शहरात. हे उदाहरण मी भाषणांत नेहमी द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन जिल्हा निळा करायचो. नकाशात तालुके काढायला तिप्पट वेळ लागायचा आणि पान रात्री साडेअकराला सोडायचं असायचं. कारण खरं आहे. इंदापूरच्या वाचकाला त्याचं काय?

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकलो होतो, असं मला वाटत होतं: वाचकाला टीएमसी नको, टक्के नकोत, त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर हवं. पुणेकराचा प्रश्न काय? पाणी किती दिवस पुरेल? मग तेच द्यावं. शहराला तेव्हा महिन्याला ढोबळमानाने दीड टीएमसी लागायचं. साठा भागिले वापर, आला दिवसांचा आकडा. मी तो मोठ्या टायपात पानाच्या डोक्यावर लावला, रोज एकेक कमी होणारा. आजवरच्या माझ्या कोणत्याही चित्राला इतकी लोकप्रियता मिळाली नाही. रिक्षात, कट्ट्यावर लोक तो आकडा बोलायचे.

मग कालव्याचं उन्हाळी आवर्तन सुटलं.

दीड टीएमसीचं आवर्तन म्हणजे माझ्या हिशोबातला अख्खा महिना. आकडा धाडकन खाली आला. वाचकांची पत्रं आली, आणि त्यांत धरणाबद्दल किंवा पावसाबद्दल अवाक्षर नव्हतं. सगळा रोख दौंड-इंदापूरवर. आमचा महिना त्यांनी नेला. आमच्या दिवसांवर त्यांचा ऊस. एकाने तर विचारलं होतं, की चोरीची फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यायची.

हे भांडण मी लावलं नव्हतं. ते जुनं आहे. पण त्याला रोज वाढणारं व्याज मी लावलं. खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकात बांधलं तेव्हापासून त्याच्या कालव्याखाली शेती आहे. आवर्तनाचं पाणी कालवा सल्लागार समितीत आधी ठरतं, त्याची बातमी आमच्याच पेपरात आतल्या पानावर येते. माझ्या भागाकाराने मात्र सगळं २९.१५ पुण्याच्या नावावर करून टाकलं होतं. बाष्पीभवन मी विसरलो ती चूक क्षम्य म्हणता येईल, एप्रिल-मेचं ऊन सगळ्यांनाच विसरावंसं वाटतं. पण भागाकार करताना वर कोणाचं पाणी लिहिलं आणि खाली कोणाचा वापर लिहिला, हे न बघणं गणिताची चूक नव्हती. मी पुण्यात राहतो, माझ्या नळाला ते पाणी येतं, एवढ्यावर मी मालकी ठरवली होती. आकडा आम्ही काढून टाकला तेव्हा 'लोकांच्या उपयोगाची गोष्ट का बंद केली' म्हणून पुन्हा पत्रं आली. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही आणि आम्ही दिलंही नाही.

संकेतस्थळ आल्यावर आमच्या वरिष्ठांना हलती चित्रं हवी झाली. तालुक्यावर बोट ठेवा, आकडा उमटेल. मोबाइलवर बोट ठेवलं की तालुकाच बोटाखाली झाकला जायचा. लोक बोट ठेवायचेच नाहीत. ते स्क्रीनशॉट घ्यायचे, वरचं-खालचं कापायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. कापलं जायचं ते काय, तर शीर्षकाखाली बारीक टायपात लिहिलेली तारीख. चित्राच्या आत मी तारीख कधी लिहिली नव्हती. दिसायला बरं दिसत नाही म्हणून. त्यामुळे एका टंचाईच्या वर्षातलं माझं चित्र पुढच्या वर्षी, धरणं भरत आलेली असताना, शहरभर फिरलं. सोबत मजकूर: 'पुढच्या आठवड्यापासून पाणी बंद, साठा करून ठेवा.' महापालिकेला खुलासा करावा लागला. आम्ही तो पहिल्या पानावर छापला: 'व्हायरल चित्र जुने, नागरिकांनी विश्वास ठेवू नये.' चित्र कोणाचं होतं हे बातमीत नव्हतं. बातमीचा मथळा मीच सुचवला होता.

या काळात मी प्रशिक्षणं द्यायचो. सुरुवात ठरलेली: १८५४ सालचं लंडन, सोहोतली कॉलऱ्याची साथ, डॉक्टर जॉन स्नो नकाशावर मृत्यूंच्या खुणा करतो, खुणा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गोळा होतात, नकाशा बघून पंपाचा दांडा काढतात, साथ थांबते. टाळ्या. पुढे कधीतरी नीट वाचल्यावर कळलं, की दांडा काढला तो ८ सप्टेंबरला आणि तो प्रसिद्ध नकाशा त्यानंतरचा. साथही तोवर ओसरू लागली होती. त्याआधी स्नो दारोदार फिरून विचारत होता, तुमच्याकडे पाणी कुठून आणता? मी वर्षानुवर्षं त्याचं दारोदार फिरणं गाळून नकाशा तेवढा सांगत आलो होतो. मी स्वतः करत होतो तेही तेच, म्हणून ती गोष्ट मला इतकी आवडत असावी.

आता २०१९. ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा चढायला लागल्या. मी कोयनेपासून अलमट्टीपर्यंत मोठा थोरला नकाशा केला. कोयनेचे १०५ टीएमसी, अलमट्टीचे १२३, मधले विसर्ग क्युसेकमध्ये, बाणांची जाडी विसर्गाच्या प्रमाणात. ऑफिसात लोक माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. सांगलीच्या आवृत्तीतून फोन आला: "हे राहू दे. आयर्विनला किती फूट, ते मोठं टाका."

सांगलीत आयर्विन पुलाचे फूट हीच पुराची भाषा आहे. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येकाला आपल्या गल्लीचा फूट पाठ असतो. किती फुटांना सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी येतं, किती फुटांना आपल्या दुकानाच्या पायरीला लागतं, हे तिथे शाळकरी पोरगाही सांगतो. कोल्हापूरकरांचं राजाराम बंधाऱ्याचं तसंच. क्युसेकचा आकडा ऐकून पाणी आपल्या पार्किंगमध्ये येणार की नाही हे एकतानगरीतल्या पुणेकराला २५ जुलै २०२४ च्या पुरातही कळलं नव्हतं. सांगलीकराला फुटावरून कळतं.

मी बाण पुसले आणि पुलाची उभी पट्टी काढली. चाळीसवर पिवळी रेघ, पंचेचाळीसवर लाल. सर्वांत वर, पट्टी जिथे संपते तिथे, २००५ च्या पुराची पातळी आणि शेजारी 'आजवरचा उच्चांक'. पट्टी तिथेच संपवली, कारण त्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतं आणि पानावर पट्टी बरोबर तेवढीच मावत होती. चित्र पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने उपयोगी झालं होतं. लोकांनी ते दुकानांत लावलं, एकमेकांना पाठवलं. तारीख या वेळी आत होती.

माझ्या मावसभावाचं, आमच्या दादाचं, गणपती पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान. ऑगस्ट म्हणजे माल भरलेला. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण त्याच्या भिंतीवर होती. माझं चित्र समोर ठेवून त्याने हिशोब केला: उच्चांक झाला तरी एवढंच येईल. त्या खुणेच्या हातभर वर फळ्या ठोकल्या आणि सगळा माल त्यावर चढवला. ट्रक मिळत होता, मिरजेला न्यायची सोय होती. ती त्याने शेजाऱ्याला दिली. पाणी २००५ ची खूण ओलांडून वर गेलं, आयर्विनला सत्तावन्न फुटांच्याही पुढे. माझ्या चित्रात पाणी दाखवायला जागाच उरली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पट्टीच्या वर एक तुकडा जोडला. दादाच्या फळ्यांना तुकडा जोडता आला नाही. कागद भिजला की फुगतो. गठ्ठे फुगून फळ्यांत असे घट्ट बसले होते की काढायला पहार लागली.

पूर ओसरल्यावर गेलो. दुकानाबाहेर लगद्याचा ढीग होता आणि पेठभर कुजका वास. मी काहीतरी बोलायला लागलो, तर तो म्हणाला, "तुला कशाला बोल लावू? माझं मीच ठरवलं. पण एक सांग, तुझ्या पट्टीत त्याच्या वर जागाच नव्हती की. मग पाणी वर जाईल असं डोक्यात यावं तरी कसं?"

इतकी वर्षं मी चित्रात काय घातलं यावरूनच स्वतःला तपासत होतो: टाकीचं माप, दांड्याचा रंग, दिवसांचा आकडा. कागदाची वरची कडसुद्धा काही बोलते, हे मला दुकानाच्या दारात उभं राहून कळलं. 'आजवरचा उच्चांक' हे शब्द खरे होते. पट्टी तिथे संपवल्यामुळे ते 'याच्यावर नाही' असे वाचले गेले, आणि तसे वाचणाऱ्याचा काही दोष नव्हता.

पुढच्या पावसाळ्यापासून मी २०१९ च्या रेघेच्या वर बरीच पट्टी मोकळी सोडायला लागलो, फुटांच्या खुणा करून. किती सोडायची याचं उत्तर मला कोणत्याही अभियंत्याने छातीठोकपणे दिलं नाही, तेव्हा मीच अंदाजाने दहा फूट धरले. संपादकांना पान उघडं वाटायचं. एका संध्याकाळी जाहिरात विभागातून फोन आला: "सांगलीच्या पानावर तुमच्या चित्राची वरची जागा रोज रिकामीच जातेय. तिथे पाण्याच्या टाकीवाल्यांची छोटी जाहिरात बसते. लावू का?" मी नाही म्हणालो. त्यांनी ती खाली लावली, इशारा पातळीच्या शेजारी.